उरलंसुरलं ताट आणि ठिसूळ हाडं

गेल्या श्रावणात आमच्या सासूबाई मोरीत पडल्या. पडल्या म्हणजे तरी काय, पाटावरून उठताना तोल गेला आणि बसकण मारावी तशा खाली बसल्या. ना जिन्यावरून गडगडल्या, ना कुठल्या गाडीनं उडवलं. पण उठता येईना. तालुक्याला नेलं, फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "पडल्या म्हणून मोडलं, की मोडलं म्हणून पडल्या, हे सुद्धा सांगता यायचं नाही. हाड आतून पोकळ झालंय." मग सासूबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, दूध किती घ्यायचात?"

सासूबाई तेवढ्या वेदनेतही ऐटीत म्हणाल्या, "आमच्यात दोन म्हशी होत्या की!"

"म्हशी होत्या हो, पण तुम्ही दूध किती प्यायचात?"

सासूबाई गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चहात असायचं."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं मला कित्येक रात्री झोप लागली नाही. चाळीस वर्षं पहाटे उठून ज्या बाईनं म्हशींच्या धारा काढल्या, तिच्या पोटात दूध गेलं ते फक्त चहातलं. बाकीचं डेअरीला, मग मुलांना, मग सासऱ्यांना, रात्री नवऱ्याला पेलाभर. पातेल्याच्या बुडाला राहिलेली खरवड तेवढी तिची. ती खरवड तिला आवडायची, असं आम्ही सगळे कौतुकानं सांगायचो. आता वाटतं, आवडायची की तेवढीच मिळायची?

आपल्या देशात दूध कमी आहे असं अजिबात नाही. १९९८ पासून जगात सर्वांत जास्त दूध भारतात निघतं. २०२३-२४ या वर्षात ते सुमारे २३.९ कोटी टन झालं. माणशी वाटणी केली तर रोजचं ४७१ ग्रॅम येतं, असं सरकारी आकडा सांगतो. म्हणजे प्रत्येकाला जवळजवळ अर्धा लिटर! पण सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. तिच्यात कुणाची बासुंदी आणि कुणाची खरवड एकत्र मोजली जाते. घराच्या आत दूध कुणाच्या पेल्यात किती गेलं, हे कुठल्याच आकड्यात येत नाही. माझ्या मते हाडांच्या दुखण्याची खरी गोष्ट तिथंच सुरू होते.

हाडं म्हणजे नुसता वाळलेला सांगाडा नव्हे. ती जिवंत असतात. रोज थोडं हाड झिजतं, रोज थोडं नवं बनतं. बँकेच्या पासबुकासारखं समजा. लहानपणी आणि वयात येताना भरणा जास्त, खर्च कमी. अठरा-वीस वर्षांपर्यंत बहुतेक सगळी पुंजी जमा झालेली असते, तिशीपर्यंत उरलीसुरली भर पडते. त्यानंतर जमा वाढत नाही, होती ती जपायची. आणि पाळी गेली की खर्चाची बाजू एकदम फुगते. बाईच्या अंगातलं जे संप्रेरक हाडांची राखण करतं, ते इस्ट्रोजेन कमी होतं. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची वीस टक्क्यांपर्यंत झीज होते. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, पाश्चात्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे आपली गळती लवकर सुरू होते. आणि मुळात भरणाच कमी असेल तर पासबुक रिकामं व्हायला कितीसा वेळ?

यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्याची लबाडी अशी, की तो दुखत नाही. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा सांध्यांच्या झिजेमुळे, ते दुखणं वेगळं. हाड ठिसूळ होतं ते गुपचूप. मनगट मोडतं, मणका दबतो, पाठीला बाक येतो, उंची इंच-दोन इंच कमी होते, तेव्हा कुठे कळतं. आणि आपण म्हणतो, वय झालं.

आता सरकारी कागदांकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली भारतीयांना रोज काय किती लागतं, याचे नवे आकडे जाहीर केले. आधी, २०१० च्या आकड्यांत, मोठ्या माणसाला रोज ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे असं धरलं होतं. २०२० मध्ये ते थेट १००० झालं. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. किती मोठा बदल हा! पण आपल्यापैकी किती जणींच्या कानावर आला? सोन्याचा भाव दहा रुपयांनी हलला तरी गल्लीत कळतं. हाडांचा भाव जवळजवळ दुप्पट झाला आणि स्वयंपाकघरात पत्ताच नाही.

म्हणून एका दुपारी मी वही-पेन घेऊन बसले आणि माझ्याच ताटाचा हिशेब मांडला. बघा तुमच्याशी जुळतो का. दिवसाचे तीन कप चहा, मिळून शंभर मिलिलिटर दूध, म्हणजे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. ज्वारीच्या दोन भाकरी, त्यातून फार तर तीस. भातातून जेमतेम दहा. आमटीतून वीस-पंचवीस. बटाटा नाहीतर वांग्याची भाजी, त्यातून वीस-तीस. उरलेल्या ताकाचा एखादा पेला, तोही पाणी घालून वाढवलेला, म्हणून पन्नास धरू. बेरीज अडीचशेच्या पुढेमागे. हवेत हजार, मिळतात अडीचशे! मी दोनदा बेरीज केली.

शरीर मात्र हिशेबात फार कडक. हृदय चालायला, स्नायू हलायला, रक्त गोठायला कॅल्शियम लागतंच. ताटातून आलं नाही तर ते हाडांतून उचललं जातं. तक्रार न करता, पावती न देता. रोज थोडं थोडं.

आता तुम्ही म्हणाल, दूध घ्या म्हणणं सोपं आहे, परवडायला नको? अगदी खरं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मे महिन्यात आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात रोजच्या संतुलित आहारात माणशी ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलं आहे. पाच माणसांच्या घरात ते दीड लिटर झालं. लिटरला साठ रुपये धरले तर दिवसाचे नव्वद, महिन्याचे सत्तावीसशे. ज्या घरात एकाचीच मजुरी येते, तिथं हे कुठून आणायचं? म्हणून दुधावरच अडून न राहता आपल्याच मातीतल्या गोष्टींकडे बघायला हवं.

पहिली नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ज्वारीत पंचवीस-तीस, गव्हात तीस-चाळीस, तांदळात दहाच्या आत. म्हणजे ज्वारीच्या दहाबारापट! ज्वारी-बाजरी चांगली, त्यात शंका नाही, पण हाडांसाठी तिच्यावर विसंबू नका. कोकणात, नाशिक-पालघरच्या डोंगरात आणि कोल्हापूरच्या पश्चिम पट्ट्यात नाचणी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. तिला गरिबाचं धान्य म्हणून आपणच नाक मुरडलं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा शहरातल्या दुकानांत तीच नाचणी बिस्किटं होऊन चौपट किमतीला आली. आपण बिस्किटांच्या नादी न लागता दळणात एक किलो नाचणी टाकावी, किंवा मोड आणून सत्त्व करावं. मोड आणले की त्यातलं कॅल्शियम अंगी लागायलाही मदत होते.

दुसरे तीळ. ते फक्त संक्रांतीचे नव्हेत. चमचाभर तिळातही शंभरावर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सगळंच शोषलं जात नाही, पण भाजून केलेली तिळाची चटणी रोज ताटात असली तर हातभार मोठा. तिसरा शेवग्याचा पाला, माठ, राजगिऱ्याची पालेभाजी. परसातल्या शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीला टाकतो. त्या शेळीची हाडं आपल्यापेक्षा मजबूत असणार! पालक मात्र या कामाचा नाही. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटमुळे ते फारसं अंगी लागत नाही. चौथी कुळथाची पिठी. आणि किनारपट्टीच्या मैत्रिणींसाठी काट्यासकट खायची मांदेली, सुकट, सुके बोंबील.

आता तोच हिशेब पुन्हा मांडते. वाटीभर दही १८०. नाचणीची एक भाकरी पावणेदोनशे. तिळाची चटणी शंभर. शेवग्याचा पाला किंवा माठाची भाजी दीडशे. आधीचे अडीचशे धरले की साडेआठशेच्या पुढे गेलो. वर एक पेला दूध मिळालं तर हजार पार. महागडी पावडर नाही, परदेशी फळ नाही.

प्रथिनांचंही तसंच. हाडाची वीण प्रथिनांची असते, कॅल्शियम त्यात भरलेलं असतं. आमटीतलं पातळ आपल्याला आणि डाळ तळाशी राहून नवऱ्याच्या वाटीत, असं होत असेल तर पळी ढवळून वाढायला शिका. मिठाचाही विचार करा. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, पुरे. भाजी नसली की लोणच्याशी नाहीतर पापडाशी भाकरी खाऊन उठणाऱ्या आपणच असतो ना?

उपवासांचं बोलायलाच हवं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्याचे दहा-बारा दिवस सहज होतात. श्रद्धेला माझी हरकत नाही. हरकत आहे साबुदाण्याला. त्यात पिठाशिवाय काही नसतं. त्याच उपवासाला राजगिऱ्याची लाही दुधात चालते, दही चालतं, शेंगदाणे चालतात. देव दोन्हींत तेवढाच प्रसन्न होतो.

आणि ऊन. सकाळचं कोवळं ऊन हाडांना चांगलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कॅल्शियम आतड्यातून अंगात ओढून घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून कातडीत तयार होतं, इथवर खरं. पण ज्या किरणांनी ते होतं, ते सात-आठच्या उन्हात फारच थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं, साधारण अकरा ते तीनमधलं. तेही काचेआडून नाही. हात आणि चेहरा उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. उन्हाळ्यात वाळवणं घालायला गच्चीवर जाणाऱ्या बायका हे नकळत करत होत्या. आता पापड तयार मिळतात आणि गच्चीवर जाताना आपण नखशिखांत ओढणी गुंडाळतो.

आहाराबरोबर आणखी दोन गोष्टी हाडं खातात, त्यांच्याबद्दल बायकांच्या पानावर फारसं बोललं जात नाही. एक मिश्री. दातांना लावते, पोटात कुठे जाते, असं म्हणत आपल्याकडच्या कित्येक जणी दिवसातून चारदा तंबाखूची मिश्री लावतात. तंबाखू कुठल्याही रूपात हाडांची वैरीण.

दुसरी, पिशवी काढणं. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी सर्रास काढली जाते, हे २०१९ मध्ये गाजलं. शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहाजणींत एक. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी गळती सुरू होते. भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढून डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या त्या बाईचं पासबुक पन्नाशीत कसं दिसत असेल? त्या प्रकरणात पोटाची चर्चा झाली, ठेकेदारांची झाली, डॉक्टरांची झाली. हाडांची कुणी केली नाही.

का केली नाही? कारण हाडं मोजलीच जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांचं रक्त तपासलं गेलं. म्हणून आपल्याला कळतं, की २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. वाईट आकडा आहे, पण निदान आहे. त्याच्यामुळे लोहाच्या गोळ्या आल्या, मोहिमा निघाल्या. हाडांची घनता त्या पाहणीत तपासत नाहीत. जे मोजत नाही ते दिसत नाही आणि जे दिसत नाही त्यासाठी पैसाही निघत नाही.

पैशावरून आठवलं. शाळेतल्या पोषण आहारात राज्यानं २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एक अंडं द्यायला सुरुवात केली होती, अंडं न खाणाऱ्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत शासनानं अंडी आणि साखरेसाठी वेगळा निधी देणं थांबवलं. अंडा पुलाव आणि नाचणीचं सत्त्व यांसारखे पदार्थ ऐच्छिक झाले, करायचेच असतील तर लोकवर्गणीतून करा, असं सांगितलं गेलं. बातमी आली आणि विरली. कुणी ती अंडं खावं की खाऊ नये या वादात वाचली, कुणी तिजोरीच्या. मी ती सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून वाचली. पहिली ते आठवीच्या मुली, म्हणजे नेमकं हाडांत भरणा करायचं वय. त्या वयात बुडालेला हप्ता पन्नाशीत गोळ्या खाऊन भरून निघत नाही. आज शाळेच्या ताटात वाचवलेले पैसे साठीला खुब्याच्या ऑपरेशनवर जातील, तेव्हा ते सरकारच्या नाही, घरच्यांच्या खिशातून जातील. आमचे गेले, म्हणून सांगते.

त्यातच, त्याच पाहणीनुसार राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. स्वतःची हाडं पुरी भरली नाहीत तोवर पोटात दुसरा जीव. गरोदरपणात आशाताई कॅल्शियमच्या गोळ्या देतात, चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, रोज दोन. त्या फडताळात ठेवू नका, सुनेला खायला लावा. फक्त लोहाची गोळी आणि ही गोळी एका वेळी नको, मध्ये दोन तास जाऊ द्या.

बाकीच्यांनी मात्र गोळ्यांच्या बाबतीत सावध राहावं. आमच्या गावात मध्ये "हाडांची मोफत तपासणी" असं शिबिर झालं. टाच एका यंत्रात ठेवायची, कागद हातात, लगेच समोरच्या टेबलावर हजार-बाराशेचे डबे. टाचेवरून अंदाज येतो, निदान होत नाही. खरी तपासणी डेक्सा नावाची, कंबर आणि खुब्याची. तिचा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ म्हणतात. पाळी लवकर गेलेली, आईचा खुबा मोडलेला, किरकोळ पडून हाड मोडलेली, बरीच वर्षं स्टिरॉइड घेतलेली, यांपैकी कुणी असाल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडीही मनानं महिनोन् महिने घेऊ नका, जास्त झाली तर अपाय करते. आणि मोबाइलवर फिरणारा दह्यातल्या चुन्याचा उपाय तर नकोच. चुना जळजळीत, तोंड-गळा भाजायचा, आणि किती पोटात गेला याला माप नाही.

सासूबाई आता काठीवर चालतात. पूर्वीसारख्या नाही, पण अंगणापर्यंत जातात. परवा मी रात्री त्यांना दुधाचा पेला दिला, तर त्यांनी नेहमीच्या सवयीनं तो माझ्या मुलाकडे सरकवला. माझी मुलगी, सातवीतली, समोरच बसली होती. तिच्याकडे नाही, मुलाकडे! मी पेला उचलून परत त्यांच्या हातात दिला, दुसरा मुलीला दिला, आणि तिसरा, मुलाच्या आधी, स्वतःसाठी ओतला. मला सांगताना लाज वाटते, पण लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत सगळ्यांबरोबर बसून दूध प्यायची माझी ती पहिलीच वेळ. मुलगा बघतच राहिला. त्याला काही कमी पडलं नाही. पातेल्यात त्याच्यापुरतं होतं.

तुम्हीही आज रात्री वही घ्या. घरात दूध किती आलं आणि कुणाच्या पेल्यात किती गेलं, एवढंच लिहा. तुमच्या नावासमोर "चहात" असं आलं, तर उद्यापासून वाटणी बदला.